आतापुरता मोठा

आर्वीच्या बसस्टँडवर जांब विकणाऱ्या जनाबाईला जगात एकाच माणसाची धास्ती होती, आणि तो माणूस आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचा. जांब म्हणजे पेरू. आमच्याकडे कुणी पेरू मागितला की जनाबाई त्याला आधी ‘कोनतं गाव तुमचं?’ विचारते. थंडी पडली की साडेपाचच्या वर्धा गाडीआधी थूल सर तिच्या पाटीपुढे उकिडवे बसत. पाटीतला हाताला येईल तो पहिला जांब डाव्या हातात घेत. मग उजव्या हाताने दुसरा उचलून दोन्ही शेजारी शेजारी धरून बघत. दुसरा लहान निघाला तर तो बाजूला. मोठा निघाला तर डाव्या हातातला बाजूला आणि नवा डाव्या हातात. अशी पाटी तळापर्यंत उपसून झाल्याशिवाय हा गृहस्थ उठत नसे. आणि एवढं करून घ्यायचा किती, तर एक. मुलीसाठी.

“अवो मास्तर, वरचाच मोठा हाय म्हणून सांगून राह्यली ना मी! खालचे काऊन उपसता?” जनाबाई कातावून म्हणे.

“तुम्ही सांगून राह्यल्या ते खरंच असन, बाई. पण खालचे पाहल्याशिवाय मी कसं मानू?”

मी त्याच कॉलेजात मराठी शिकवते. राहते सिंदी मेघेला, म्हणजे वर्ध्याला खेटूनच. सर पवनारचे. सकाळी ते पवनारहून वर्ध्याला येत आणि तिथून आम्ही दोघं एकाच एसटीने आर्वीला जात असू; संध्याकाळी तोच उलटा प्रवास. अशी नऊ वर्षं गेली. नऊ वर्षं शेजारी बसलेल्या माणसाबद्दल खूप काही माहीत असायला हवं, पण मला सरांबद्दल जे माहीत आहे त्यातलं निम्मं त्या जांबाच्या पाटीपाशीच सुरू होतं.

एकदा बसमध्ये मी त्यांना चिडवलं. “सर, एवढ्या वेळात मुलगी झाड लावून जांब खाईल. हे काय खूळ?”

“खूळ नाई, मॅडम, फंक्शन आहे.” जांब रुमालात गुंडाळत ते गंभीरपणे म्हणाले. “यादीतला सगळ्यात मोठा शोधाचं फंक्शन. तुमच्या डोळ्याले पूरी पाटी एकदम दिसते. कॉम्प्युटरले एका वेळी एकच जांब दिसते. मग त्यानं काय कराव? एक हातात धराव. त्याले म्हणाव, तू आतापुरता मोठा. मग बाकीच्याईले एकेक करून त्याच्याशी भिडवाव. मोठा दिसला की हातातला टाकून द्याव. यादी सरली की जो हातात उरला, तो खरा मोठा. बस. एवढंच आहे.”

“आणि दोन सारखेच निघाले तर?”

“तर हातातलाच राहू द्याव. बरोबरीचा आला म्हणून कोणाले उठवत नाई आपण.”

मी मराठीची बाई. वर्गात कविता शिकवताना माझ्या मनात जेवढा उजेड पडत नाही तेवढा त्या दिवशी खडखडत्या एसटीत पडला. कॉम्प्युटरचं फंक्शन म्हणजे इतकी साधी माणुसकीची गोष्ट असते हे मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

सर ठेंगणे, अंगाने किरकोळ. शर्टच्या खिशात पेनाशेजारी खडूचा तुकडा कायम, त्यामुळे खिशाला पांढरी कडा पडलेली. कॉम्प्युटरच्या मास्तरला खडू कशाला, तर आमच्या लॅबमध्ये वीज कधी असायची, कधी नसायची. वीज गेली की इतरांचे प्रॅक्टिकल सुटत, सरांचे सुरू होत. “मशीन बंद आहे, डोकं बंद नाई. पहिले डोक्यात चालवा!” असं म्हणून ते फळ्यावर प्रोग्राम लिहीत आणि एकेका पोराला उभं करून ओळीओळीने तो चालवायला लावत. घाई करणाऱ्याला म्हणत, “काऊन धावून राह्यला बाप्पा? गाडी साडेपाचलेच आहे.”

त्यांच्या प्रोग्राममध्ये मोठी संख्या ज्या नावाखाली ठेवायची त्या नावाला सगळं जग ‘मॅक्स’ म्हणतं. सर म्हणत ‘आतापुरता’. इंग्रजी अक्षरांत तसंच लिहायचं. त्यांची पोरं परीक्षेतही तेच लिहीत, आणि बाहेरून आलेले परीक्षक दरवर्षी मलाच विचारत की मॅडम, हे काय आहे. मी म्हणायचे, सर, बरोबर आहे, मार्क द्या.

एक दिवस त्यांच्या लॅबमधून एवढा गलका आला की माझा तास बुडाला. तणतणत गेले, तर सगळा वर्ग भिंतीला पाठ लावून उभा. पहिल्या नंबरला पल्लवी, वर्गातली सगळ्यात बुटकी, खरांगण्याकडची. तिच्या हातात डस्टर. सर म्हणाले, “पल्लवी आतापुरती मोठी. ज्याच्या हाती डस्टर तो मोठा.” मग एकेक पोरगं तिच्याशी पाठीला पाठ लावून उभं राहिलं. दुसऱ्यालाच डस्टर गेलं. तिथून तिसऱ्याला, पाचव्याला, आणि शेवटी त्या लांबड्या पोराला, ज्याचं डोकं दाराच्या चौकटीला लागतं. पोट्टे टाळ्या वाजवत होते.

“पल्लवी, डस्टर देताना वाईट वाटलं का?” सरांनी विचारलं.

“नाई सर. माहीतच होतं ना.”

“शाब्बास. आतापुरतं आहे हे माहीत असलं की सोडाले तरास होत नाई.”

मी दारात उभी होते. राग विसरून हसले आणि परत गेले. त्या वाक्यावर मी तेव्हा थांबायला हवं होतं. सर स्वतः आमच्या कॉलेजात आतापुरतेच होते.

तासिका तत्त्वावरचे सर म्हणतात अशा माणसाला. जेवढे तास घेतले तेवढ्यांचंच मानधन. जूनमध्ये नेमणूक, एप्रिलमध्ये सुट्टी, पुढच्या जूनमध्ये पुन्हा नवा अर्ज, नव्याने मुलाखत, जणू काही हा माणूस पहिल्यांदाच फाटकातून आत येतोय. हजेरीचं रजिस्टर वेगळं. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्यांच्या पाठीवर नावं चिकटवलेली होती, सरांसाठी दाराजवळचं स्टूल. त्यांनी नऊ वर्षांत कधी आमच्या रिकाम्या खुर्चीवर बूड टेकलं नाही. मी एकदा ‘बसा ना सर’ म्हटलं तर म्हणाले, “राहू द्या मॅडम, आपली येईन तेव्हा बसू.” आपली म्हणजे कायम जागा. कॉम्प्युटरची एकच जागा मंजूर होती आणि ती ‘येणार येणार’ म्हणून दरवर्षी ऐकू येत होती. ती आली आणि सरांना मिळाली नाही, तर त्यांचे तासही जाणार, हे त्यांना ठाऊक होतं. नेमणूक झालेला माणूस सगळे तास घेणार, मग तासिकावाला उरतोच कशाला?

आता विहिरीची गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्याशी जोडलेलं आहे.

आठव्या वर्षाचा एप्रिल सुरू झाला होता. सरांनी पोरांना तेच फंक्शन घरून लिहून आणायला सांगितलं होतं. पोरांनी गाइडमधून उतरवलं. त्या गाइडात ‘आतापुरता’मध्ये सुरुवातीला शून्य ठेवलं होतं. सर बजावून थकले होते की शून्य धरायचं नाही, यादीतलाच पहिला धरायचा. पण गाइडात छापलेलं आहे म्हटल्यावर मास्तरचं कोण ऐकतं? त्या दिवशी वीज होती. सर म्हणाले, “ठीक आहे. चार गावच्या विहिरी घ्या. जमीन म्हणजे शून्य. पाणी जमिनीच्या खाली जेवढे फूट, तेवढं उणे. टाका. उणे तीस, उणे चाळीस, उणे पंचवीस, उणे पन्नास. कोणाचं पाणी सगळ्यात वर?”

पोरांनी आकडे टाकले. उत्तर आलं शून्य.

सर बाहेर गेले आणि फरशी पुसायची बादली घेऊन आले. ती पल्लवीच्या हातात दिली. “जा, भरून आन. तुमच्या प्रोग्रामनं विहीर काठोकाठ भरली. दोराचं काम नाई, वाकून हातानंच बुडव.”

“सर, आमच्या विहिरीत आता दोर पुरत नाई,” पल्लवी म्हणाली.

“मग हे शून्य कुठून आलं? यादीत होतं?”

“नाई सर.”

“यादीत नसलेलं उत्तर आलं, म्हंजे कोणीतरी येतानाच ते हातात धरून आलं होतं. समजलं? सगळे उणे असले की शून्याले कोणीच हरवू शकत नाई. किती का यादी वाचा! बाहेरून हातात काई घेऊन याचं नाई. हात मोकळे घेऊन या.”

ही गोष्ट सरांनीच मला बसमध्ये सांगितली, बादली उचलण्याच्या अभिनयासकट. पुढच्या सीटवरचा कंडक्टरही हसला.

नवव्या वर्षी जागा आली. जाहिरात निघाली. सरांनी लागणारी परीक्षा केव्हाच पास केलेली होती. फाटकातून येणाऱ्या कुणापेक्षाही ते वरचढ होते, हे मी प्रेमाने सांगत नाही, त्यांचे पेपर आणि त्यांच्या पोरांचे निकाल मी पाहिले आहेत. नोटीस बोर्डावर मुलाखतीची यादी लागली. अकरा नावं. सर नवव्या नंबरला.

आणि मुलाखतीच्या आधीच्या शुक्रवारी प्राचार्यांनी मला बोलावलं. वेळापत्रक मी करते. ते चष्मा पुसत म्हणाले, “मॅडम, पुढच्या सत्राचं वेळापत्रक तयार करून ठेवा. कॉम्प्युटरच्या तासांना आर. डी. टाका.”

“सर, मुलाखती सोमवारी आहेत,” मी म्हटलं.

“हो, सोमवारीच आहेत. तुम्ही टाका.”

मी बाहेर येऊन नोटीस बोर्डावरची अकरा नावं वाचली. पुन्हा वाचली. आर. डी. आद्याक्षरांचा एकही माणूस त्यात नव्हता. मग मी स्टाफरूममध्ये जाऊन, नाव चिकटवलेल्या माझ्या खुर्चीवर बसून, कॉम्प्युटरच्या प्रत्येक तासासमोर आर. डी. लिहिलं आणि वेळापत्रक छापायला ऑफिसात पाठवलं. माझी नोकरी कायम होती. कायम नोकरीवाल्याला वाटतं की आपण भीत नाही, फक्त जपून वागतो. मीही स्वतःला तेच सांगितलं.

त्या संध्याकाळी बसमध्ये सर मला मुलाखतीचा सराव करून मागत होते. “मॅडम, आपली बोली साहेब लोकाईले चालन का? जराशी सुधरवून द्या.” मी त्यांना वाक्यं बसवून दिली. ‘मी नऊ वर्षांपासून शिकवून राह्यलो’ असं नाही, ‘मी नऊ वर्षांपासून शिकवत आहे’ असं म्हणा. ते शाळकरी पोरासारखे म्हणत होते. मी शिकवत आहे. मी शिकवत आहे. माझ्या पर्समध्ये वेळापत्रकाचा कच्चा कागद होता आणि मी त्यांचे उच्चार तपासत होते. आयुष्यात मला स्वतःची इतकी किळस कधी आली नाही.

सोमवारी सर पांढरा शर्ट घालून आले. खिशात खडू नव्हता. बुटांना पॉलिश. आत गेले आणि चार-पाच मिनिटांत बाहेर आले.

“काय विचारलं?”

“नाव. गाव. पवनार म्हटलं तर एक साहेब म्हणे, आम्ही लहानपणी आश्रम पाहाले आलतो, नदी मस्त आहे. मी म्हटलं हो, मस्त आहे.”

“आणि विषयाचं?”

“नाई. तुम्ही शिकवलेलं वाक्य बोललोच नाई, मॅडम. त्याची पाळीच नाई आली.”

गुरुवारी बोर्डावर एक कागद लागला. त्यावर एकच नाव, आर. डी. या अक्षरांचं. अर्ज उशिरा आला होता पण ग्राह्य धरण्यात आला, असं खाली बारीक लिहिलेलं. अकरा नावांची जुनी यादी शेजारीच अजून टाचलेली होती. सर बराच वेळ दोन्ही कागद बघत उभे होते. मी शेजारी जाऊन उभी राहिले.

“शून्य, मॅडम,” सर म्हणाले.

“काय?”

“येतानाच हातात धरून आले होते. आता त्याईनं आमची यादी वाचली तरी काय अन् नाई वाचली तरी काय. अकराच्या अकरा उणे. त्याईच्या हिशोबात आम्ही सारे जमिनीखालचे.”

ते हसले नाहीत. मला वाटतं त्यांना त्यात गंमतही वाटत नव्हती. एखाद्या पोराचा चुकलेला प्रोग्राम तपासावा तसे ते दोन्ही कागद तपासत होते आणि त्यांना चुकीची ओळ सापडली होती, एवढंच.

बसमध्ये खरांगणा गेल्यावर माझा बांध फुटला. मी सगळं सांगितलं. शुक्रवार, प्राचार्य, आर. डी., पर्समधला कागद. सांगताना रडले. बसमध्ये लोक बघत होते, बघू देत.

सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, “मले माहीत होतं, मॅडम.”

“कसं?”

“कॉलेजात चालू प्रिंटर एकच आहे. माझ्या लॅबमधला. वेळापत्रक तिथंच निघालं. शुक्रवारीच पाहलं मी.”

म्हणजे त्या संध्याकाळी ‘मी शिकवत आहे, मी शिकवत आहे’ म्हणताना त्यांना ठाऊक होतं. आणि मला ठाऊक आहे हेही ठाऊक होतं, कारण वेळापत्रक कोण करतं हे सगळं कॉलेज जाणतं. मला बसल्या जागी मेल्यासारखं झालं.

“मग गेले कशाला सोमवारी? पॉलिश करून, पांढरा शर्ट घालून?” मी जवळजवळ ओरडले.

“यादी शेवटपर्यंत पाहल्याशिवाय उत्तर मानाचं नाई, असं मीच शिकवतो पोट्ट्याईले. मधातूनच कसा उठून जाऊ?” मग ते म्हणाले, “अन् खरं सांगू? वाटलं, एखादा तरी साहेब हातातला टाकून पाहीन.”

एप्रिलपर्यंत त्यांनी सगळा अभ्यासक्रम पूर्ण केला. एक तास चुकवला नाही. शेवटच्या दिवशी पोरांनी फोटो काढले, पल्लवी रडली, सरांनी तिला डस्टर दिलं. त्यांचं स्टूल कुणी हलवलं नाही, ते तिथेच दाराशी राहिलं, आणि मी पाहिलं की जून उजाडल्यावर त्यावर वह्यांचे गठ्ठे ठेवायला सुरुवात झाली. नवे सर आले. ते वाईट माणूस नाहीत, हीच पंचाईत आहे. प्रोजेक्टरवर शिकवतात, वीज गेली की वर्ग सोडतात. पोरं आता ‘मॅक्स’ लिहितात आणि मला कुठलाही परीक्षक काही विचारत नाही.

थूल सरांना मी सुरुवातीला फोन करायचे. वर्ध्यात कुणाच्या तरी सेंटरवर ऑनलाइन अर्ज भरून देतात असं कळलं. दुसऱ्यांचे अर्ज, दुसऱ्यांच्या जागांसाठी. मग फोन कमी झाले. दोष माझा. त्यांच्याशी बोलताना मला ते वाक्य ऐकू यायचं, सुधारून दिलेलं, शुद्ध.

परवाच्या थंडीत मी त्यांना एकदा पाहिलं. नंतर कळलं की ते अनुभवाचा दाखला न्यायला कॉलेजात आले होते. सकाळी अकरापासून ऑफिसच्या बाकावर बसून होते. मी वरच्या मजल्यावर तास घेत होते, मला कुणी सांगितलं नाही, आणि त्यांनीही वर निरोप पाठवला नाही. दाखला मिळाला तो नऊ वर्षांचा नव्हता. दर मे महिन्यात सेवा खंडित झाली म्हणून त्यात नऊ वेगवेगळे तुकडे लिहिले होते, आणि तुकड्यांची बेरीज करता येत नाही असं क्लार्कने सांगितलं होतं.

मी साडेपाचच्या गाडीत शेवटच्या सीटवर खिडकीशी बसले होते. गाडी भरली होती, पायऱ्यांवरसुद्धा माणसं. ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं, आणि मला समोर जनाबाईच्या पाटीपुढे सर दिसले. काखेत खाकी पाकीट. शर्टच्या खिशाची पांढरी कडा धुऊन गेलेली. जनाबाईने त्यांना ओळखलं. तिचं तोंड उजळलं. तिने नेहमीचं कातावणं सोडून चक्क पाटी त्यांच्या पुढ्यात सरकवली, घ्या, उपसा म्हणून. मी खिडकीतून हाक मारणार होते, पण थांबले. मला ते बघायचं होतं. डावा हात, उजवा हात, तळापर्यंत. तेवढं जरी शिल्लक असलं तर मला पुष्कळ होतं.

सर उकिडवे बसले नाहीत. उभ्याउभ्याच त्यांनी पाटीकडे नुसतं बोट केलं. जनाबाई काहीतरी म्हणाली. त्यांनी मान हलवली, कोणताही द्या. तिने वरचा एक उचलून दिला. त्याकडे न बघता त्यांनी तो पिशवीत टाकला आणि दुसऱ्या गाडीच्या दिशेने चालू लागले.

“सर!” मी ओरडले. गाडी वळली होती, आवाज इंजिनात गेला.

मागच्या काचेतून मला जनाबाई दिसत होती. ती दोन्ही हातांनी पाटी उपसत होती, भराभर, खालपर्यंत. तळातून तिने एक जांब काढला, चांगला मोठा, आणि तो उंच धरून ती इंजिनाच्या वरताण ओरडली, “अवो मास्तर! हा घेऊन जा, हा मोठा हाय!” सर गर्दीत शिरले होते. ती थोडा वेळ तशीच हात वर करून उभी राहिली. मग तिने तो जांब परत पाटीत ठेवला.